हृदयरोग संशोधकाचे काम कसे जोखावे : निवड, बढती आणि अनुदान समित्यांना खुले पत्र

निवड, बढती आणि अनुदान समित्यांच्या सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

हृदयरोगावर काम करणाऱ्या संशोधकाची फाइल तुमच्यासमोर येते तेव्हा पहिल्या पानावर बहुतेक वेळा चार आकडे असतात : एकूण शोधनिबंध, एकूण सायटेशन (इतर निबंधांनी दिलेले हवाले), एच-इंडेक्स आणि जर्नलांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज. अर्ज ढीगभर आणि बैठक एका दुपारची, म्हणून चाळणी तिथेच लागते. पुढची पाने उघडली जातात ती या चाळणीतून वर राहिलेल्यांचीच. ही पद्धत थांबवावी, अशी आमची मागणी आहे. हृदयरोगाच्या क्षेत्रात हे चार आकडे विशेष फसवे ठरतात. ते का फसवतात हे नेमके दाखवता येते आणि त्यांच्या जागी काय तपासावे हेही सांगता येते. या पत्रात दोन्ही लिहीत आहोत.

आधी अशा एका कामाबद्दल, जे तेरा वर्षे कोणत्याच तक्त्यात नव्हते. १९८० साली लॉर्केनाइड नावाच्या औषधाची एक लहान चाचणी झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ९५ रुग्णांपैकी ४८ जणांना औषध दिले, ४७ जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी. औषधाच्या गटात ९ मृत्यू झाले, प्लासिबोच्या गटात १. औषधाचे पुढचे काम व्यावसायिक कारणांनी बंद पडले आणि निकाल छापला गेला नाही. तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा लेखकांनीच लिहिले की वेळेवर छापला असता तर पुढच्या धोक्याची आगाऊ सूचना मिळू शकली असती. मधल्या काळात त्याच वर्गातली, हृदयाचे ठोके नियमित करणारी औषधे झटक्यानंतर सर्रास दिली जात होती. तर्क बिनचूक वाटत होता : झटक्यानंतर ज्यांना अवेळी जादा ठोके पडतात त्यांच्यात मृत्यू जास्त होतात, औषधाने ते ठोके दबतात, म्हणजे औषधाने माणसे वाचणार. ‘कास्ट’ या चाचणीने हा तर्क प्रत्यक्ष तपासला. १९८९ मध्ये तिच्यातले एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड हे दोन्ही गट मध्येच थांबवावे लागले. १९९१च्या सविस्तर अहवालात औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू होते आणि प्लासिबोच्या ७४३ जणांत २६.

ही दोन कामे तुमच्या चार आकड्यांनी तोलून पाहा. लॉर्केनाइडच्या चाचणीचे वजन १९९३ पर्यंत शून्य येते, आणि तो निकाल न छापणाऱ्याला कोणत्याही समितीने कधी त्याबद्दल विचारले नसते. कास्टचा निबंध भरपूर उद्धृत झाला हे खरे, पण त्याचे मोल सायटेशनच्या संख्येत मावत नाही. जगभर रोज लिहिले जाणारे एक प्रिस्क्रिप्शन त्याने थांबवले. ‘हे औषध देऊ नका’ असे सिद्ध करणारा निबंध हृदयरोगात ‘हे औषध द्या’ म्हणणाऱ्या निबंधाइतकाच, कधी कधी जास्त, मोलाचा असतो. असे निबंध छापणाऱ्याला मान मिळेल अशी तुमची पद्धत आहे का, हा आमचा पहिला प्रश्न.

आता आकड्यांच्या आत काय असते ते पाहू. जर्नलचा २०२४चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२२ आणि २०२३ मध्ये त्यात छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेल्या सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले मूळ निबंध आणि आढावा लेख. संपादकीये आणि वाचकांची पत्रे उद्धृत झाली तर वरच्या संख्येत धरली जातात, खालच्या संख्येत मात्र नाहीत. शिवाय ही सरासरी आहे, आणि सायटेशनची वाटणी कमालीची एकांगी असते. पर सेगलेन यांनी १९९७ मध्ये दाखवले होते की सर्वाधिक उद्धृत १५ टक्के निबंधच जवळपास निम्म्या सायटेशन खेचतात. सरासरी किती लटकी असू शकते याचा टोकाचा दाखला स्फटिकशास्त्रातला आहे : २००८ साली छापलेल्या एका निबंधामुळे ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’चा इम्पॅक्ट फॅक्टर २.०५१ वरून २००९ मध्ये थेट ४९.९२६ वर गेला. त्या अंकांत छापलेले बाकीचे निबंध होते तसेच होते.

हृदयरोगात सरासरी फुगवण्याचे हे काम मार्गदर्शक तत्त्वे आणि आकडेवारीचे वार्षिक अहवाल करतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा हृदयरोग व पक्षाघात आकडेवारीचा अहवाल दरवर्षी ‘सर्क्युलेशन’मध्ये येतो, आणि ‘हृदयरोग हे मृत्यूचे प्रमुख कारण आहे’ हे प्रस्तावनेतले पहिलेच वाक्य लिहिताना असंख्य निबंध त्याचा हवाला देतात. या सायटेशनना विरोध करण्याचे कारण नाही. पण त्याच जर्नलमध्ये छापलेल्या उंदरांवरच्या एखाद्या प्रयोगाला त्यांचे श्रेय द्यायचेही कारण नाही. इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज करताना नेमके तेच होते. हा रकाना फॉर्ममधून सरळ काढून टाका. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

एच-इंडेक्सचे दुखणे वेगळे आहे. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला. एखाद्याच्या आठ निबंधांना ९०, ४०, २२, १५, ९, ७, ३ आणि १ अशा सायटेशन असतील तर त्याचा एच-इंडेक्स ६, कारण सहा निबंधांना प्रत्येकी किमान सहा आहेत आणि सातव्याला सात नाहीत. उद्या पहिल्या निबंधाने उपचाराची दिशा बदलली आणि त्याच्या सायटेशन ९० वरून ९०० झाल्या, तरी एच-इंडेक्स ६ च राहील. शेजारच्या अर्जदाराच्या बारा आढावा लेखांना प्रत्येकी बारा सायटेशन असतील तर त्याचा १२. शिवाय हा आकडा वयाबरोबर फक्त वाढतो, कधी उतरत नाही. चाळिशीतल्या माणसाची तिशीतल्या माणसाशी तुलना करताना तुम्ही बहुतांशी वयच मोजत असता.

त्यात सहलेखकांची संख्या मिसळली की हिशेब पुरता बिघडतो. १९९३चा ‘गस्टो’ चाचणीचा निबंध घ्या. ४१,०२१ रुग्ण, पंधरा देश आणि नऊशेहून अधिक नावे. एवढी मोठी चाचणी एवढ्या लोकांशिवाय होत नाही, आणि प्रत्येक केंद्रावरच्या डॉक्टरचे नाव येणे रास्त आहे. पण एच-इंडेक्स प्रत्येकाला पूर्ण निबंध बहाल करतो : ज्याने चाचणीचा आराखडा लिहिला त्यालाही आणि ज्याच्या केंद्रावर मोजकेच रुग्ण भरती झाले त्यालाही. दर पाच दिवसांना एक, म्हणजे वर्षाला ७२ हून जास्त निबंधांवर नाव असणाऱ्या लेखकांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली होती. असा माणूस प्रत्येक निबंधाचा मसुदा वाचून त्याची जबाबदारी घेत असेल का, हे तुम्हीच ठरवा.

म्हणून पहिली पायरी अशी. अर्जदाराची निबंधसूची घ्या आणि तिचे ढीग वेगळे करा. मूळ चाचण्या आणि दीर्घकालीन पाहण्या एकीकडे. पद्धतीचे निबंध दुसरीकडे. मग मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे अनेक चाचण्यांची एकत्रित विश्लेषणे. मार्गदर्शक तत्त्वे, एकमत-निवेदने, आढावे यांचा ढीग वेगळा, आणि संपादकीये-पत्रांचा सगळ्यांत शेवटी. सर्वांत जास्त उद्धृत तीन निबंध कोणत्या ढिगात पडतात ते पाहा. तिन्ही मार्गदर्शक तत्त्वांचे असतील तर सायटेशनचा मोठा भाग समितीतल्या सहभागाचा आहे. तो सन्मानाचा आहेच, पण संशोधनाचा पुरावा म्हणून तो मोजायचा नाही.

पद्धतीच्या निबंधांबद्दल मात्र हात आखडू नका. फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांचा १९७२चा निबंध एका सूत्रासाठी ओळखला जातो : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा, मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये एलडीएल मिळते. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की सूत्र चालत नाही. तरी जगभरच्या प्रयोगशाळांचे रिपोर्ट अनेक दशके त्यावर निघाले, आणि ज्यांनी ते वापरले त्यांतल्या बहुतेकांनी कधी कुठे सायटेशन दिली नाही. ही वापराची छाप आहे, आणि ती अर्जदाराकडून पुराव्यासह मागून घ्यावी लागते.

एका मोठ्या चाचणीतून निघणाऱ्या दुय्यम निबंधांचा एक उपढीग करा. काही दुय्यम विश्लेषणे गरजेची असतात. पण एकाच माहितीसाठ्यातून वय, लिंग, मधुमेह, मूत्रपिंड, ऋतू असे एकेक कापून पंधरा निबंध काढता येतात, आणि पुरेसे तुकडे केले की कुठेतरी काहीतरी ‘सापडते’च. १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत १७,१८७ रुग्ण होते आणि ॲस्पिरिनचा फायदा निर्विवाद दिसला. लेखकांनी मुद्दाम राशींनुसार विभागणी करून दाखवली : मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत फायदा दिसत नव्हता. उपगटांच्या निष्कर्षांवर किती विसंबावे याचा तो इशारा होता. दुय्यम निबंध वाचताना विचारायचा प्रश्न एकच : हा उपगट चाचणी सुरू होण्याआधी ठरला होता का?

आणि चाचणी आधी नोंदवली होती तशीच छापली का, ही नोंदणीची तपासणीच सर्वांत फलदायी, हा आमचा ठाम कौल आहे. चाचणीच्या निबंधाच्या सारांशात नोंदणी क्रमांक असतो. तो घेऊन चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत जा. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर प्रत्येक नोंदीचा बदलांचा इतिहास उघडता येतो. पहिला रुग्ण भरती होण्याआधीची शेवटची आवृत्ती काढा आणि प्रायमरी एंडपॉइंटचे, म्हणजे चाचणीत मुख्य म्हणून मोजायच्या निकालाचे, तीन भाग छापील निबंधाशी ताडून पाहा : काय मोजणार होते, किती महिन्यांनी मोजणार होते, आणि कोणत्या रुग्णांत. वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००५ पासून आगाऊ नोंदणीची अट घातली आहे, म्हणून त्यानंतरच्या चाचण्यांना सबब नाही. तरी २००९ मध्ये हृदयरोग, संधिवात आणि पचनसंस्था या तीन शाखांतल्या ३२३ चाचण्या तपासल्या तेव्हा नीट नोंदलेल्या १४७ निघाल्या, आणि त्यांतल्या ४६, म्हणजे ३१ टक्के चाचण्यांत नोंदलेला आणि छापलेला प्रायमरी एंडपॉइंट जुळत नव्हता.

हृदयरोगात ही गफलत बहुधा संयुक्त एंडपॉइंटमधून, म्हणजे अनेक घटना एकत्र मोजण्यातून, होते. ‘मेस’ (हृदयाशी संबंधित प्रमुख अनिष्ट घटना) असे लिहिलेले असते, पण त्यात काय धरले आहे ते दर निबंधात बदलते. कडक व्याख्या तीन घटनांची : हृदयरोगाने मृत्यू, जीवघेणा न ठरलेला झटका, जीवघेणा न ठरलेला पक्षाघात. त्यात पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागणे, छातीदुखीसाठी दाखल होणे, हृदयनिकामीपणासाठी दाखल होणे अशी भर पडत जाते. ही भर घातली की घटना वाढतात आणि कमी रुग्णांत निकाल मिळतो, म्हणून ती गैर नाही. पण कोणाला कोणता उपचार मिळतो आहे हे डॉक्टरला माहीत असेल तर अँजिओप्लास्टी करायची की नाही या निर्णयात त्याचा कल मिसळतो. मृत्यूच्या बाबतीत तसे होऊ शकत नाही. तेव्हा संयुक्त आकड्यावर थांबू नका. निबंधातला घटकवार तक्ता उघडा. सगळा फरक अँजिओप्लास्टीतून आला आहे आणि मृत्यू व झटके दोन्ही गटांत सारखेच आहेत, असे दिसले तर ‘प्रमुख घटनांत मोठी घट’ या शीर्षकाचे वजन निम्मे करा.

नोंदणीने निकाल कसे बदलतात ते २०१५ च्या एका पाहणीत दिसले. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या पैशावर झालेल्या ५५ मोठ्या चाचण्यांपैकी २००० सालाआधीच्या ३० मध्ये १७ चाचण्यांनी प्रायमरी एंडपॉइंटवर लक्षणीय फायदा दाखवला होता, नंतरच्या २५ मध्ये फक्त २. आधी काय मोजणार ते जाहीर करावे लागले, आणि नंतर सोयीचे मोजमाप निवडायची वाट बंद झाली. म्हणजे २००० नंतर काम केलेल्या प्रामाणिक संशोधकाच्या यादीत ‘फरक आढळला नाही’ असे निबंध असणारच. ते नसतील तर विचारा की कुठे गेले. असे निबंध असतील तर भाषा तपासा : मुख्य निकाल नकारार्थी असलेल्या ९३ हृदयरोग चाचण्यांच्या २०१९ च्या पाहणीत ५७ टक्के सारांशांत निकाल रंगवून मांडलेला आढळला. सारांशाचे शेवटचे वाक्य आणि निकालाचा मुख्य आकडा शेजारी ठेवून वाचायला फार वेळ लागत नाही.

न छापलेल्या चाचण्याही याच नोंदवह्यांत सापडतात. अर्जदाराच्या नावाने शोध घ्या, पूर्ण होऊन वर्ष उलटलेल्या चाचण्या काढा, त्यांचे निकाल नोंदवहीत किंवा निबंधात आहेत का ते पाहा. नसतील तर लेखी खुलासा मागा. प्रायोजकाने अडवले, निधी संपला, जर्नलांनी नाकारले, अशी खरी कारणेही असतात. पण प्रश्न विचारला गेला पाहिजे. लॉर्केनाइडच्या वेळी तो विचारणारे कोणी नव्हते.

मार्गदर्शक तत्त्वांत उल्लेख होणे हा हृदयरोगातला सर्वांत मोठा पुरावा मानला जातो, आणि बऱ्याच अंशी तो आहे. पण उल्लेख नेमका कुठे झाला ते पाहावे लागते. प्रत्येक शिफारशीला वर्ग असतो : १ (जरूर करावे), २ए, २बी, ३ (करू नये). आणि पुराव्याची पातळी असते : ए (सर्वांत भक्कम), बी, सी (सर्वांत कच्ची). अर्जदाराने फक्त ‘युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत उद्धृत’ असे लिहिले तर ते अपुरे आहे. कोणत्या वर्षीची आवृत्ती, कोणती शिफारस, कोणता वर्ग, कोणती पातळी, आणि निबंध शिफारशीच्या आधारात आहे की प्रस्तावनेत, हे पाचही मागा. अमेरिकन तत्त्वांच्या २००९ मधील तपासणीत ए पातळीच्या शिफारशींचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ११ टक्के होता आणि सी पातळीच्या शिफारशींचा ४८ टक्के. २०१९ च्या तपासणीत ए पातळी ८.५ टक्क्यांवर होती. सी पातळीच्या शिफारशीतला उल्लेख वाईट नाही, पण ‘आमच्या निबंधाने उपचार बदलला’ हा दावा त्यावर उभा राहत नाही. अर्जदार स्वतः त्या समितीवर होता का, हेही लिहून घ्या.

हे शेवटचे का, ते शस्त्रक्रियेआधीच्या बीटा-ब्लॉकरच्या (हृदयाची गती आणि रक्तदाब उतरवणाऱ्या औषधांच्या) प्रकरणातून कळेल. नेदरलँड्समधल्या ‘डिक्रीज’ मालिकेतल्या चाचण्यांचा आधार घेऊन २००९ च्या युरोपीय तत्त्वांनी हृदयाशी संबंधित नसलेल्या शस्त्रक्रियेआधी बीटा-ब्लॉकर सुरू करण्याची शिफारस केली. चाचण्यांचे ज्येष्ठ संशोधक आणि त्या तत्त्वसमितीचे अध्यक्ष एकच व्यक्ती होते. २०११ मध्ये वैज्ञानिक गैरवर्तनाच्या कारणावरून त्यांच्या विद्यापीठ रुग्णालयाने त्यांना काढले. २०१४ मध्ये डिक्रीज वगळून उरलेल्या नऊ विश्वासार्ह चाचण्या, १०,५२९ रुग्ण, एकत्र तपासल्या तेव्हा बीटा-ब्लॉकरच्या गटात मृत्यूचा धोका २७ टक्के जास्त निघाला. ८,३५१ रुग्णांची ‘पॉइज’ चाचणी हे २००८ मध्येच सांगत होती. त्या काळात एखाद्या समितीने सायटेशन मोजल्या असत्या, तत्त्वांतले उल्लेख मोजले असते, तर सर्व आकडे उत्तम आले असते.

तसेच हृदयाच्या मूलपेशींचे. हृदयाचा स्नायू पुन्हा तयार करणाऱ्या पेशी सापडल्याचे दावे २००१ पासून अव्वल जर्नलांत छापले गेले आणि त्यांवर रुग्णांच्या चाचण्याही उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलने एका प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत असे कळवले आणि त्या कल्पनेवर चाललेली एक सरकारी अनुदानाची चाचणी थांबवून तपासावी लागली. इतर प्रयोगशाळांना ते निकाल पुन्हा मिळत नव्हते, हे छापील वाङ्मयात कितीतरी आधी आले होते. विरोधात केलेली सायटेशनही सायटेशनच्या बेरजेत अधिकच धरली जाते. बेरजेला उणे चिन्ह नाही.

म्हणून उद्धृत करणारे निबंध उघडून वाचावे लागतात. सगळे नाहीत. अर्जदाराने निवडलेल्या पाच निबंधांपैकी दोन घ्या, प्रत्येकाला उद्धृत करणाऱ्यांची तारखेनुसार यादी काढा आणि ठरावीक अंतराने वीस उचला. सर्वांत गाजलेले वीस उचलू नका. प्रत्येकात ती सायटेशन ज्या वाक्यात आहे तेवढेच वाक्य वाचा आणि नोंद करा : नुसती पार्श्वभूमी, पद्धत वापरली, निष्कर्ष पडताळला आणि जुळला, पडताळला आणि जुळला नाही, की स्वतःचीच सायटेशन. स्वतःची म्हणजे अर्जदाराची किंवा त्या निबंधाच्या कोणत्याही सहलेखकाची. मोठ्या गटांत सहलेखक एकमेकांना उद्धृत करतात आणि साध्या गाळणीत ते सुटून जातात. वीसपैकी अठरा पार्श्वभूमी असतील तर निबंध ओळखीचा आहे एवढेच कळते. पाच जणांनी स्वतंत्रपणे पडताळून तोच निकाल मिळवला असेल तर ती फार मोठी गोष्ट आहे, मग एकूण सायटेशन पन्नासच का असेनात.

मागे घेतलेल्या निबंधांची तपासणी तर यांत्रिक आहे. निबंधांचे डीओआय क्रमांक (प्रत्येक निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) काढून मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या माहितीसाठ्याशी जुळवा. २०२३ पासून तो क्रॉसरेफ या संस्थेकडे असून सर्वांना मोफत खुला आहे. पण नुसती संख्या काढून थांबू नका, कारण वाचा. २०२० मध्ये ‘सर्जिस्फिअर’ कंपनीच्या माहितीवर आधारलेला हृदयरोग आणि कोविडचा निबंध जेमतेम पाच आठवड्यांत मागे घ्यावा लागला, कारण मूळ माहिती कोणालाही तपासायला मिळाली नाही. दुसऱ्या बाजूला भूमध्य आहाराची ‘प्रेडिमेड’ चाचणी आहे : ७,४४७ जण, २०१३ चा निबंध. यादृच्छिक वाटणी काही ठिकाणी नीट झाली नव्हती असे लक्षात आल्यावर संशोधकांनी स्वतः तपास केला, जुना निबंध मागे घेतला आणि २०१८ मध्ये दुरुस्त विश्लेषण व सौम्य केलेल्या दाव्यांसह पुन्हा छापला. दोन्हींची नोंद ‘मागे घेतला’ अशीच होते. दुसऱ्या प्रकारच्या संशोधकाला शिक्षा करणारी समिती पुढच्या दहा जणांना चूक झाकायला शिकवते.

आकडे वापरायचेच असतील तर क्षेत्र आणि वर्षाशी जुळवून घेतलेले वापरा, आणि वर्णन वाचून झाल्यावर. फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट १.०० म्हणजे त्याच वर्षाच्या, प्रकाराच्या, क्षेत्राच्या निबंधांची जागतिक सरासरी. रिलेटिव्ह सायटेशन रेशो १.० म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानित निबंधांचा मध्यक. अर्जदाराच्या सर्व निबंधांवर काढलेली सरासरी मात्र दोन्हींत फसवते. दहा निबंधांपैकी नऊंचा आकडा ०.६ आणि एकाचा १४ असेल तर सरासरी १.९४ येते आणि मध्यक ०.६. सरासरी आणि मध्यक दोन्ही लिहा, शेजारी निबंधांची संख्या लिहा. दोन वर्षांपेक्षा नवे निबंध या हिशेबात घेऊ नका. सर्व अर्जदारांचे आकडे एकाच स्रोतातून, एकाच दिवशी काढा. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही धरते, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स वेगवेगळी जर्नले धरतात, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडणे निरर्थक. समान नावाच्या दोन माणसांची खाती मिसळलेली असतात. संशोधकांना ओळख क्रमांक देणाऱ्या ऑर्किडच्या सोळा अंकी क्रमांकावरून यादी जुळवून अर्जदाराकडून ती तपासून घ्या. समाजमाध्यमांवरच्या चर्चेचे गुण तर अजिबात धरू नका.

काळाचे भान हवे. १९७३ पर्यंत स्ट्रेप्टोकायनेज या रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या आठ चाचण्या, २,४३२ रुग्ण, एकत्र केल्या असत्या तर झटक्यानंतरचे मृत्यू घटतात हे दिसले असते. ते १९९२ मध्ये एकत्रित विश्लेषणाने दाखवून दिले, तोवर आणखी २५ चाचण्या होऊन गेल्या होत्या. पॉलिपिलची, म्हणजे हृदयरोगाची अनेक औषधे एकाच गोळीत देण्याची, कल्पना २००३ मध्ये जोरकसपणे मांडली गेली, २०१९ मध्ये ‘पॉलिइरान’ने ६,८३८ जणांत आणि २०२२ मध्ये ‘सिक्युअर’ने २,४९९ रुग्णांत तिचा फायदा दाखवला, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. वीस वर्षे आणि कितीतरी हात. पाच वर्षांच्या सायटेशन पाहून यातला कोण मोलाचा होता ते सांगता आले नसते. या साखळीत तुमचा दुवा कोणता, असे अर्जदाराला विचारले तर प्रामाणिक माणूस दोन परिच्छेदांत उत्तर देऊ शकतो.

अर्जाचा नमुना त्याप्रमाणे बदला. पाच निबंध, प्रत्येकासाठी दीडशे शब्द : प्रश्न काय होता, आधी काय माहीत होते, काय आढळले, अर्जदाराने नेमके काय केले, नंतर काय बदलले आणि त्याचा पुरावा कुठे आहे. ‘नेमके काय केले’ यासाठी लेखकांच्या योगदानाच्या क्रेडिट वर्गीकरणातल्या चौदा भूमिका वापरा, म्हणजे आराखडा, विश्लेषण, रुग्णभरती, माहितीची निगा हे वेगवेगळे दिसेल. माहितीची निगा राखणाऱ्यांना आजवर काहीच मिळालेले नाही. त्यांच्याविना दीर्घकालीन पाहणी चालत नाही, तेव्हा ही भूमिका दुय्यम धरू नका. सोबत नोंदणी क्रमांक, न छापलेल्या चाचण्यांचा खुलासा, दुरुस्त्या आणि मागे घेतलेल्या निबंधांची यादी. रजा, बाळंतपण, आजारपण, रुग्णसेवेचा भार यांसाठी एक ओळ. दोन सदस्यांनी एकमेकांशी न बोलता वाचावे, मगच चर्चा.

यात व्यक्तिगत मत शिरेल, असा आक्षेप येईल. शिरेलच. पण ते लिहिलेले असेल आणि त्यावर अर्जदाराला दाद मागता येईल. एच-इंडेक्सच्या आत दडलेल्या मतावर दाद मागता येत नाही. वेळ लागेल हेही खरे : एका अर्जाला दोन तास धरा. म्हणून पहिली चाळणी संशोधनाचा विषय आणि किमान पात्रता यांवर लावा आणि ही तपासणी शेवटच्या यादीपुरती ठेवा. २०१३ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यावर तुमच्या संस्थेची सही असेल तर इम्पॅक्ट फॅक्टरचा रकाना काढणे हे तुम्ही आधीच दिलेले वचन आहे. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातली दहा तत्त्वे आणि २०२२ चा युरोपीय करार यांतही हेच सांगितले आहे, तेव्हा नवा पायंडा पाडण्याची जोखीम तुमच्यावर येत नाही.

पुढच्या फेरीआधी एक करून पाहा. निर्णय झालेल्या दहा जुन्या फाइली घ्या, जर्नलांची नावे आणि चारही आकडे झाका, पाच-पाच निबंध वरच्या पद्धतीने वाचा आणि नव्याने क्रम लावा. जुना आणि नवा क्रम जिथे जुळत नाहीत त्या फाइलींवर एक बैठक घ्या, आणि त्या बैठकीत निघालेली कारणे पुढच्या जाहिरातीत निकष म्हणून अर्ज मागवण्याआधी छापा.

कळावे.

आपले,
हृदयरोग संशोधन आणि संशोधन-मूल्यमापनात काम करणारे आम्ही सर्व